जुनी छऱ्याची बंदूक विकत घेताना

जुन्या घराच्या माळ्यावर सापडलेली छऱ्याची बंदूक विक्रीला निघाली, की ती पाहायला आलेला माणूस बहुधा प्रथम तिची चकाकी पाहतो. दस्त्याला नवे पॉलिश आहे, नळी काळीभोर दिसते, चाप ओढल्यावर ठणठणीत आवाज येतो. तेवढ्यावर भाव ठरतो. वास्तविक यांपैकी एकही गोष्ट बंदूक निरोगी असल्याचा पुरावा नाही. उलट छर्रा न घालता चाप ओढून दाखवणे म्हणजे तिला इजा पोहोचवणे होय. स्प्रिंगवर चालणाऱ्या जुन्या रायफलीचे मोल जोखताना प्रश्न एकच असतो: तिच्यातले काय बदलता येते आणि काय बदलता येत नाही?

रचना

या रायफलीत स्प्रिंग छऱ्याला थेट ढकलत नाही. नळी मोडून किंवा खालचा दांडा ओढून स्प्रिंग दाबली जाते आणि तिच्या पुढचा दट्ट्या मागे जाऊन खटक्यात अडकतो. चाप ओढताच दट्ट्या सिलिंडरमधून वेगाने पुढे झेपावतो, समोरची हवा दाबतो आणि ती हवा एका लहानशा छिद्रातून नळीत शिरून छऱ्याला बाहेर फेकते. छर्रा नसेल तर हवेला अडसर राहत नाही आणि दट्ट्या सिलिंडरच्या टोकावर जोराने आदळतो. म्हणूनच रिकामा बार काढून दाखवणाऱ्या विक्रेत्याला तिथेच थांबवावे.

झिजणारे भाग मुख्यतः तीन: स्प्रिंग, दट्ट्याचा वॉशर आणि नळीच्या सांध्यावरचा वॉशर. जुन्या रायफलींत हे वॉशर बहुधा चामड्याचे असत. वर्षानुवर्षे वापर नसला की चामडे सुकते, हवा निसटते आणि छर्रा मरगळल्यासारखा बाहेर पडतो. हे दुखणे स्वस्तात बरे होते. नळी, सिलिंडर, खटका आणि मूळ दस्ता यांचे तसे नाही. आतून चरे पडलेला सिलिंडर किंवा गंजाने खड्डे पडलेली नळी असेल, तर दुरुस्तीचा खर्च बंदुकीच्या किमतीहून अधिक होतो.

नाव आणि शिक्के

जुन्या बाजारात ‘डायना’ आणि ‘बीएसए’ ही नावे सर्वाधिक ऐकू येतात. डायनाची मूळ कंपनी जर्मनीतील रास्टाट येथे १८९० साली स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची यंत्रसामग्री आणि नाव स्कॉटलंडमधील मिलार्ड ब्रदर्सकडे गेले. त्यामुळे पुढची काही दशके ‘डायना’ नावाच्या ब्रिटिश बनावटीच्या रायफली निघत होत्या, तर रास्टाटच्या कारखान्यातील माल ब्रिटनमध्ये ‘ओरिजिनल’ या नावाने विकला जाई. अमेरिकेत तर डायना २७ हीच रायफल ‘विंचेस्टर ४२७’ म्हणून खपली. केवळ नावावर विसंबून किंमत ठरवता येत नाही, ती यामुळेच. ‘मेड इन जर्मनी’ की ‘मेड इन ग्रेट ब्रिटन’, हे सिलिंडरवर वाचून घ्यावे. अनेक जर्मन डायनांच्या सिलिंडरवर मागच्या बाजूस महिना आणि वर्ष दर्शवणारे बारीक आकडेही ठोकलेले आढळतात.

बर्मिंगहॅमच्या बीएसएने छऱ्याच्या रायफली १९०५च्या सुमारास बनवायला घेतल्या. तिची खालच्या दांड्याची ‘एअरस्पोर्टर’ १९४८ साली आणि नळी मोडून भरायची ‘मीटिअर’ १९५९ साली बाजारात आली. एअरस्पोर्टरची नळी स्थिर असते. वरच्या फिरत्या तोटीच्या भोकात छर्रा टाकावा लागतो. ही तोटी झिजली की हवा गळते, आणि ती नव्याने बसवणे कसबी कारागिराचेच काम आहे.

शिक्क्यांची कड धारदार आहे की विरघळल्यासारखी, हेही पाहावे. गंज घासून नवा काळा मुलामा चढवताना अक्षरे पुसट होतात. अशी बंदूक दिसायला देखणी असली तरी संग्राहकाच्या दृष्टीने तिची किंमत उतरलेली असते. जागोजागी विटलेला परंतु मूळचा मुलामा त्याहून श्रेष्ठ.

हाताने तपासणी

सुरुवात स्क्रूपासून करावी. त्यांच्या खाचा फाटलेल्या असतील, तर बंदूक अनाडी हातांनी उघडली गेली आहे, असे समजावे. त्यानंतर दस्ता पाहावा. मुठीपाशी लाकूड सर्वांत निमुळते असते आणि नळीखालच्या लांबट खाचेच्या दोन्ही कडा पातळ असतात. चीर पडते ती याच ठिकाणी. गोवा आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत आणखी एक दुखणे संभवते. लाकूड ओल धरते आणि वरून स्वच्छ दिसणारे लोखंड दस्त्याच्या आत गंजत राहते. विक्रेत्याची हरकत नसेल तर दस्ता सोडवून खालची बाजू अवश्य पाहावी. मात्र सिलिंडरचा मागचा भाग घरी कधीही उघडू नये. आतली स्प्रिंग विश्रांतीतही दाबलेली असते आणि आवश्यक शिकंजा नसेल तर ती अंगावर उसळते.

रायफलीत छर्रा नाही आणि ती ताणलेली नाही, याची खात्री झाल्यावर नळी मोडून उजेडाकडे धरावी आणि मागच्या बाजूने आत पाहावे. आतील प्रकाशवलये समकेंद्री दिसली तर नळी सरळ आहे. नळी उघडी असतानाच पूर्वी कोणी चाप ओढला असेल, तर ती झटक्याने मिटून वरच्या अंगाला वाकते आणि छर्रे उंच जाऊ लागतात. मागची साइट अगदी तळाला नेऊन ठेवलेली आढळली, तर या अपघाताचा संशय घ्यावा. नळी मिटल्यावर ती डावी-उजवीकडे हलते का, हेही हाताने पाहावे. सांध्यातली ढिलाई अचूकतेच्या मुळावर येते.

चाप आणि बोटे

सर्वांत गंभीर तपासणी खटक्याची. नव्या रायफलींपैकी अनेकींत नळी उघडी असताना चाप निष्क्रिय ठेवणारी योजना असते. जुन्यांपैकी बहुतेकींत ती नसते. छर्रा भरताना झिजलेला खटका सुटला, तर नळी मिटते आणि मध्ये बोट असेल तर ते चिरडते. म्हणून स्प्रिंग ताणल्यापासून छर्रा बसेपर्यंत दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवावी. खटका स्पष्ट ‘टक्’ करून बसला पाहिजे. तो घसरत असेल किंवा चापाला नुसता स्पर्श होताच सुटत असेल, तर किंमत कितीही कमी असो, ती बंदूक नाकारावी.

स्प्रिंग ताणताना करकर जाणवली, तर ती तुटलेली किंवा वाकलेली असू शकते. तुटलेली स्प्रिंगही काही काळ काम देते. त्यामुळे बार उडतो एवढ्यावर समाधान मानू नये.

प्रत्यक्ष चाचणी

चाचणी सुरक्षित जागी, मागे भक्कम आडोसा ठेवून आणि शिशाचा योग्य मापाचा छर्रा घालूनच घ्यावी. नळीच्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवली आणि बार काढताच ती उडाली, तर तिथला वॉशर गळतो आहे. धूर, जळका वास आणि कडाडणारा आवाज आला, तर सिलिंडरमध्ये खनिज तेल गेलेले असून ते दाबाने पेट घेत आहे. अशा वेळी वाढलेला वेग फसवा असतो आणि दट्ट्याला घातकही.

वेगमापक मिळाला तर दहा छऱ्यांचा वेग नोंदवावा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने गेला, तर त्याची ऊर्जा सुमारे ५.६ ज्यूल होते. १८० मीटर वेगाला ती ८.१ ज्यूल. मोठ्या आकड्यापेक्षा दहाही वेग एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे, कारण नेम टिकतो तो सातत्यावर. अधिक जोरासाठी कडक स्प्रिंग बसवलेली जुनी रायफल टाळलेलीच बरी.

कायद्याची बाजू

भारतात २०१६च्या शस्त्र नियमांनुसार नळीचे माप ४.५ मिलिमीटरहून अधिक किंवा ऊर्जा २० ज्यूलहून अधिक असलेली हवाई बंदूक परवान्याच्या कक्षेत येते. जुन्या रायफलींत ५.५ मिलिमीटरचे माप सर्रास आढळते. आजोबांच्या काळापासून घरात आहे, एवढ्याने ती कायदेशीर ठरत नाही. माप ठाऊक नसेल तर पैसे देण्यापूर्वी परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडून तपासून घ्यावे आणि शंका उरल्यास जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावे. परवाना न लागणाऱ्या बंदुकीचाही लेखी व्यवहार करून विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि ओळखपत्राची प्रत जपून ठेवावी.

पक्ष्यांवर नेम धरण्याची हौस गुन्ह्याच्या वाटेने जाते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत प्राण्याला इजा करू शकणारे कोणतेही साधन येते. या रायफलीचे लक्ष्य कागदाचेच असावे.

भाव ठरवताना

मूळ मुलामा, स्पष्ट शिक्के, सरळ नळी आणि विश्वासार्ह खटका असलेली, पण वॉशर सुकल्याने दुबळी झालेली बंदूक घेण्याजोगी असते; दुरुस्तीचा खर्च भावातून वजा करावा. नव्याने चमकवलेली, जोरदार आवाज करणारी, परंतु नळी वाकलेली किंवा खटका सैल असलेली बंदूक भिंतीवर टांगण्यापुरतीच राहते. ती घ्यायचीच असेल, तर शोभेच्या वस्तूच्या भावाने घ्यावी आणि तिच्यात छर्रा कधीही भरू नये.