काजळी कुणी काढायची?

मेणबत्तीचा इतिहास म्हणून आपल्यापुढे येतो तो बहुधा मेणाचा इतिहास. आधी चरबी, मग देवमाशाच्या डोक्यातले मेण, मग स्टिअरिन, शेवटी पॅराफिन. वात मात्र सगळीकडे गृहीत धरलेली. एकोणिसाव्या शतकातल्या दिव्यांविषयी वाचताना माझी खात्री होत गेली, की हा इतिहास अर्धाच आहे. मेण बदलले की जुनी वात निकामी ठरते, आणि नवी वात जुन्या मेणाला पेलत नाही. या दोघांचे कसे जमले, हीच खरी गोष्ट आहे.

समईची वात पुढे सारणे, काजळी झाडणे ही कामे आपल्याकडे कुणीतरी येता-जाता करते. युरोपातल्या चरबीच्या मेणबत्तीलाही असाच हात लागे, पण तिथे सवड नसे. सुती दोऱ्यांना पीळ देऊन केलेली वात ज्योतीच्या मधोमध ताठ उभी राही. ज्योतीच्या पोटात हवा पोचत नाही. त्यामुळे वातीचा शेंडा जळून जाण्याऐवजी कोळसा होऊन वाढत जाई, ज्योत धुरकट होई, आणि लांबलेली वात जास्त चरबी वितळवून ती कडेने ओघळवी. काउंट रम्फर्डने हा तोटा मोजून ठेवला आहे. नुकत्याच कातरलेल्या मेणबत्तीचा उजेड १०० धरला, तर हात न लावता ११ मिनिटांत तो ३९ वर येतो आणि २९ मिनिटांनी १६ वर. नाटकगृहांत हे काम करायला पगारी माणसे असत. प्रवेश चालू असतानाच ती कात्री घेऊन रंगमंचावर येत. जर्मन कवी गटेने तर या कटकटीवर दोन ओळीच लिहून ठेवल्या आहेत.

सुटका झाली ती पॅरिसमध्ये, आणि दोन वेगळ्या हातांनी. मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते, की चरबी हा एकच पदार्थ नव्हे; ग्लिसरीन आणि काही आम्ले यांची ती जोडणी आहे. त्यांतले स्टिअरिक आम्ल पांढरे, कडक आणि ७० अंशांच्या आसपास वितळणारे. चरबी मात्र पन्नाशीच्या आतच वितळते. १८२५ साली शेव्हरल आणि गे-ल्युसॅक यांनी या आम्लांच्या मेणबत्तीचे पेटंट घेतले, पण धंदा काही चालला नाही. त्याच वर्षी कांबासेरेसने पिळाऐवजी वेणी घातलेली वात पुढे आणली. वेणीची वात जळता जळता एका बाजूला वाकते, तिचा शेंडा ज्योतीच्या कडेला हवेत येतो आणि जळून नाहीसा होतो. कात्रीचे काम वात स्वतःच करू लागली. राखेची अडचण उरली, तीही पुढे द मिलीने सोडवली. वात बोरिक आम्लात भिजवली की राख वितळून तिचा मणी होतो आणि गळून पडतो.

ही वात चरबीच्या मेणबत्तीत घातली तर? फायदा होत नसे. वाकलेली ज्योत मऊ चरबीची कडच वितळवून टाकी. वेणीला कडक मेण हवे होते. शेव्हरलची आम्ले आणि कांबासेरेसची वेणी एकाच वर्षी याव्यात, हा योगायोग मला त्या शतकातल्या मोठ्या शोधांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

कडक मेणाचीही एक खोड होती. निवताना स्टिअरिक आम्लाचे मोठे स्फटिक बनतात आणि मेणबत्ती ठिसूळ होते. स्फटिक मोडण्यासाठी कारखानदार त्यात चक्क सोमल, म्हणजे आर्सेनिक, घालू लागले. जळताना ते खोलीच्या हवेत मिसळे. १८३७ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर मेडिकल सोसायटीने या मेणबत्त्यांची तपासणी करून बोभाटा केला, तेव्हा कुठे ही चाल मोडली. उपाय मुळात साधा होता: थोडे दुसरे मेण मिसळायचे आणि ओतताना तापमान सांभाळायचे. मिश्रणाची विद्या ही अशी सोमलाच्या वाटेने आली.

१८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाच्या रोषणाईसाठी लंडनकर खिडक्यांत मेणबत्त्या लावणार होते. प्राइस कंपनीच्या विल्सनने तेव्हा स्टिअरिक आम्ल आणि खोबरेलातला घट्ट भाग यांची मिश्र मेणबत्ती बाजारात आणली. स्वस्त, आणि कातरावी न लागणारी. या कंपनीची उभारणीच खोबरेलावर झाली होती, आणि तिचे नारळ होते सिलोनचे.

पॅराफिनविषयी थोडक्यातच सांगतो. जेम्स यंगच्या १८५० च्या पेटंटनंतर ते मुबलक झाले. आपल्याकडे आसामात दिग्बोईचा शुद्धीकरण कारखाना १९०१ साली सुरू झाला, तिथल्या तेलातूनही मेण निघू लागले. पॅराफिन उन्हाळ्यात मऊ पडून वाकते, म्हणून त्यात स्टिअरिक आम्ल घालायची पद्धत पडली. शेव्हरलचे आम्ल असे नव्या घरात पाहुणे म्हणून टिकले.

आता काचेच्या पेल्यातली मेणबत्ती घ्या, किंवा दिवाळीच्या बाजारातली मेण भरलेली पणती. इथे मेणाला स्वतःच्या पायावर उभे राहायचे नसते, भांडे त्याला सांभाळते. म्हणून पन्नास अंशांच्या आसपास वितळणारे, काचेला धरून राहणारे मऊ मेण चालते. १९९० च्या दशकापासून सोयाबीनच्या तेलाचेही आले. सगळा भार येतो वातीवर. वात बारीक पडली तर ज्योत मधोमध विहीर खणत खाली जाते, कडेचे मेण तसेच राहते आणि शेवटी ज्योत स्वतःच्याच मेणात बुडते. जाड पडली तर काजळी धरते आणि काच तापते. पेल्याचा व्यास, मेणाचा दाटपणा, त्यात घातलेले अत्तर आणि रंग, यांतले काहीही बदलले की वात पुन्हा निवडावी लागते. घरी मेणबत्त्या करणारे दोन-तीन जाडीच्या वाती लावून पेले शेवटपर्यंत जाळून बघतात. कोष्टकावरून फक्त सुरुवात करता येते.

पेल्यात वाकणारी वात काचेकडे झुकण्याची भीती असते, आणि मऊ मेणात तिचा आधारही सुटतो. म्हणून अनेक वातींच्या पोटी कणा घालतात: कधी कागदाचा, कधी जस्ताचा. पूर्वी शिशाचाही असे. अमेरिकेने त्यावर २००३ साली बंदी घातली. कण्याची वात ताठ उभी राहते. ताठ वातीचा शेंडा ज्योतीच्या पोटात अडकतो आणि त्यावर अळंबीसारखा काजळीचा गोळा धरतो. म्हणूनच आजच्या सुगंधी पेल्याच्या तळाशी बारीक अक्षरांत सूचना असते: पेटवण्यापूर्वी वात सहा मिलिमीटर ठेवून कातरावी. त्यासाठी वाकड्या मानेची खास कात्रीही विकत मिळते, आणि ती नाटकगृहातल्या त्या माणसाच्या हातात शोभली असती.