बाप्तिस्म्याच्या उंबरठ्यावर: यरुशलेमच्या सिरिलची शिकवण

नव्याने विश्वासात येणाऱ्यास खोट्या शिक्षणापासून कसे राखावे, हा प्रश्न मंडळीइतकाच जुना आहे. प्रेषितांच्या पत्रांतही तो आपल्याला भेटतो. परंतु त्याचे सुव्यवस्थित उत्तर पाहावयाचे असेल तर चौथ्या शतकातील यरुशलेमकडे वळावे.

सुमारे ३५० साली सिरिल याने बाप्तिस्म्याच्या उमेदवारांस दिलेली व्याख्याने आज उपलब्ध आहेत: एक प्रास्ताविक व अठरा पाठ. गुलगुथाजवळ सम्राट कॉन्स्टंटाईनने उभारलेल्या व ३३५ साली समर्पित झालेल्या मंदिराच्या परिसरात ती झाली. काळ कठीण होता. नायसियाच्या परिषदेने ३२५ साली एरियसचे मत धिक्कारले, तरी वाद शमला नव्हता. मार्किअनचे अनुयायी जुना करार नाकारीत. मानीचे शिष्य प्रकाश व अंधार अशी दोन मूलतत्त्वे मानीत आणि तरीही ख्रिस्ताचे नाव घेत. म्हणूनच सिरिल बजावतो की, परक्या नगरात गेल्यावर प्रभूचे मंदिर कोठे आहे एवढेच विचारू नये, कारण पाखंडी पंथही आपल्या सभास्थानास तेच नाव देतात. सार्वत्रिक मंडळी कोठे आहे, असे विचारावे.

त्याच्या पद्धतीत तीन गोष्टी ठळक दिसतात. पहिली ही की, त्याने पाखंडाविषयी मौन पाळले नाही. सहाव्या पाठात मानीचा वृत्तान्त तो विस्ताराने सांगतो. चिखल कोठे आहे हे ठाऊक असेल तरच त्यात पाय पडत नाही, असा त्याचा आशय आहे. दुसरी ही की, पवित्र शास्त्राचे सार असलेला मतांगीकार त्याने उमेदवारांकडून मुखोद्गत करून घेतला. तो कागदावर लिहून घ्यावयाचा नसून अंतःकरणात कोरावयाचा होता. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपण शिकवितो ते शास्त्राच्या आधाराने सिद्ध होत नसेल तर आपल्यावरही विश्वास ठेवू नये, असे तो चौथ्या पाठात स्पष्ट सांगतो. गुरूने शिष्याच्या हाती गुरूचीच पारख करण्याचे माप द्यावे, ही गोष्ट लहान नव्हे.

सुमारे तीन दशकांनंतर यरुशलेमला आलेल्या एजेरिया या यात्रेकरू स्त्रीने ही व्यवस्था वर्णिली आहे. नाव नोंदविण्यापूर्वी उमेदवाराच्या आचरणाविषयी शेजाऱ्यांकडे चौकशी होई. मग चाळीस दिवस, रोज सुमारे तीन तास, बिशप उत्पत्तीपासून शास्त्राचे विवरण करी. पाच आठवड्यांनंतर मतांगीकार दिला जाई, आणि पुढे प्रत्येक जण तो बिशपपुढे म्हणून दाखवी. तेथील उपासनेत बिशप ग्रीक भाषेत बोले. परंतु सिरियाक व लॅटिन भाषिकांना अर्थ समजावून देण्याचीही सोय असे. जे समजलेच नाही त्याचे रक्षण कोणी कसे करील?

पुढे ३५७ साली सिरिलला पदच्युत करून हद्दपार करण्यात आले. असा प्रसंग त्याच्यावर तीनदा आला. अशा वेळी केवळ गुरूच्या आवाजावर विसंबलेला विश्वास टिकणे कठीण. ज्यांच्या हृदयात मतांगीकार व हाती शास्त्राचे माप होते, त्यांना मात्र आधार उरला होता.

आज आपल्या मंडळ्यांतून बाप्तिस्म्याची तयारी कित्येकदा चार-दोन भेटींत उरकली जाते, आणि नंतर कोणी भलत्या उपदेशकामागे गेला की आपण त्याला दोष देतो. नवख्यास कुंपणात कोंडून त्याचे रक्षण होत नाही. त्याला पारख शिकवावी लागते, आणि त्यासाठी वेळ द्यावा लागतो.