आयबीएम गेली, यंत्रं उरली

मध्य रेल्वेकडे १९६०च्या दशकात आयबीएमचा १४०१ संगणक आला. त्याच्या १४०३ प्रिंटरमध्ये अक्षरांची साखळी गरगर फिरायची, १३२ हातोड्या ठोके द्यायच्या आणि मिनिटाला ६०० ओळी उमटायच्या. एक हातोडी बिघडली, की तो रकानाच पुसट.

सुटा भाग परदेशातून मागवायचा तर परकीय चलन हवं. खुद्द आयबीएमही जुनी यंत्रं मुंबईच्या कारखान्यात नवी करून भाड्यानं देई.

१९७८मध्ये आयबीएमनं भारतातून गाशा गुंडाळला. मागे उरलेल्या यंत्रांची देखभाल सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे सीएमसीकडे आली. आयबीएमचे अनेक अभियंतेही तिथेच रुजू झाले. दुरुस्तीसाठी जन्मलेली ही कंपनी पुढे रेल्वे आरक्षणाची संगणकप्रणाली उभारून गेली. २०१५मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली.