माया संस्कृतीची शहरं आणि जंगलं: 'स्मॉल ग्रुप टूर'ने जाण्याआधी काय माहिती असावं?

मेक्सिकोतल्या चिचेन इत्झाच्या पिरॅमिडचा फोटो तुम्ही इन्स्टाग्रामवर कधी ना कधी पाहिलाच असेल. २००७ साली जगातली नवी सात आश्चर्यं निवडली गेली, तेव्हा ताजमहालासोबत याच ठिकाणाची निवड झाली होती. पण माया संस्कृती या एका पिरॅमिडपुरती नाही. दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलिझ, होंडुरास आणि एल साल्वादोर या पाच देशांत तिची शेकडो शहरं विखुरलेली आहेत. त्यातली बरीचशी आजही घनदाट जंगलात आहेत.

हा सगळा पट्टा एकट्याने फिरणं अवघड आणि मोठ्या बसमधून फिरणं कंटाळवाणं. म्हणून १०-१५ जणांच्या छोट्या गटाने फिरण्याची पद्धत इथे रुळली आहे. ही सहल कशी असते, त्यात काय पाहायला मिळतं आणि पैसे भरण्याआधी काय विचारायचं, ते समजून घेऊया.

माया म्हणजे नेमके कोण?

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. 'माया लोक म्हणजे आपल्या पुराणातल्या मयासुराचे वंशज' असा फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतो. नावातल्या साम्यापलीकडे त्याला आधार नाही. माया लिपी विसाव्या शतकात उलगडली. त्यात १९५२ साली सोव्हिएत अभ्यासक युरी क्नोरोझोव्ह यांनी मांडलेला सिद्धांत महत्त्वाचा ठरला. आता शिलालेखांतून राजांची नावं, त्यांच्या लढाया आणि लग्नसंबंध थेट वाचता येतात. हा सगळा इतिहास मध्य अमेरिकेतलाच आहे.

भारताशी एक साम्य मात्र खरं आहे, ते म्हणजे शून्य. माया लोकांनी भारताशी कोणताही संपर्क नसताना स्वतंत्रपणे शून्याची कल्पना मांडली. शिंपल्यासारखं चिन्ह काढून ते शून्य लिहीत. त्यांची मोजणी आपल्यासारखी दहाच्या पटीत नसून विसाच्या पटीत होती. २१ डिसेंबर २०१२ ला जग बुडणार, ही अफवा आठवते? त्या सुमारास माया कालगणनेतला एक मोठा टप्पा संपून पुढचा सुरू होणार होता. आपल्याकडे गाडीचं मीटर शून्यावर येतं, तसंच काहीसं. जग बुडण्याचं भाकीत माया लोकांनी केलंच नव्हतं.

दुसरा गैरसमज म्हणजे माया लोक 'गायब' झाले. नवव्या शतकाच्या आसपास दक्षिणेकडची मोठी शहरं ओस पडली, हे खरं. दीर्घ दुष्काळ, आपसातली युद्धं आणि ढासळलेली राजसत्ता ही त्याची मुख्य कारणं मानली जातात. पण लोक राहिलेच. ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत सुमारे ४२ टक्के लोकांनी स्वतःची ओळख माया अशी सांगितली. माया कुळातल्या जवळपास ३० भाषा आजही बोलल्या जातात.

छोट्या गटाची सहल म्हणजे काय?

साधारण १० ते १६ प्रवासी, पूर्ण वेळ सोबत असणारा एक टूर लीडर आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा स्थानिक गाइड, अशी तिची रचना असते. प्रवास व्हॅन, सार्वजनिक बस किंवा होडीने होतो. मुक्काम मोठ्या रिसॉर्टऐवजी गावातल्या छोट्या हॉटेलात असतो. सहप्रवासी बहुतेक वेळा वेगवेगळ्या देशांतले असतात, त्यामुळे एकट्याने जाणाऱ्यांनाही सोबत मिळते.

खरा फरक पडतो तो वेळेत. कानकुनपासून चिचेन इत्झा सुमारे २०० किलोमीटरवर आहे. कानकुनहून सकाळी निघालेल्या बस ऐन उन्हात पोहोचतात, तेव्हा पिरॅमिडसमोर जत्रा भरलेली असते. छोटा गट आदल्या रात्री जवळच्या वायादोलिद गावात राहिला, तर सकाळी दार उघडताच आत शिरतो आणि ऊन चढायच्या आत पाहणं उरकतो.

दुसरा फरक गाइडचा. चांगला गाइड नसेल, तर तिसऱ्या दिवशी सगळी देवळं सारखीच दिसायला लागतात.

मार्गावर काय काय लागतं?

सहलींचे मार्ग वेगवेगळे असतात, पण खालची ठिकाणं वारंवार येतात.

*चिचेन इत्झा (मेक्सिको):* कुकुलकानच्या पिरॅमिडला चारही बाजूंना ९१ पायऱ्या आणि वर एक चौथरा आहे. बेरीज ३६५, म्हणजे वर्षाचे दिवस. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असतात, तेव्हा कठड्यावर पडणारी सावली खाली सरपटणाऱ्या सापासारखी दिसते. त्या दिवसांत प्रचंड गर्दी असते. २००६ साली झालेल्या एका अपघातानंतर पिरॅमिडवर चढण्यास बंदी आहे.

*उश्माल (मेक्सिको):* इथे गर्दी कमी आणि कोरीवकाम जास्त. पर्जन्यदेव चाकचे लांब नाकाचे मुखवटे भिंतीभर आहेत. युकातानच्या या भागात जमिनीवर नद्या नाहीत, पावसाचं पाणी हौदांत साठवावं लागे. पाऊस पाडणाऱ्या देवाचं एवढं महत्त्व का, ते इथे उभं राहिल्यावर कळतं.

*पालेंके (मेक्सिको):* डोंगर आणि जंगलाच्या सीमेवरचं शहर. इथला राजा पाकाल इसवी सन ६१५ ते ६८३ असा तब्बल ६८ वर्षं गादीवर होता. १९५२ साली पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुझ यांना देवळाखालचा जिना उपसल्यावर त्याची कबर सापडली.

*टिकाल (ग्वाटेमाला):* अनेकांसाठी सहलीचा कळस. सुमारे ६५ मीटर उंचीच्या चौथ्या मंदिराच्या बाजूला लाकडी जिना आहे. वर गेलं की खाली सगळीकडे झाडांचे शेंडे आणि त्यातून डोकावणारे देवळांचे माथे दिसतात. हेच दृश्य 'स्टार वॉर्स'च्या १९७७ सालच्या चित्रपटात वापरलं गेलं. मुख्य चौकातलं पहिलं मंदिर म्हणजे हसाव चान काविल या राजाची समाधी. टिकाल आणि कालाकमुल ही दोन शहरं पिढ्यानपिढ्या एकमेकांचे वैरी होती. ६९५ साली या राजाने कालाकमुलला हरवलं आणि टिकालला पुन्हा वैभव आलं. ही गोष्ट ठाऊक असेल, तर त्या चौकात उभं राहण्याचा अनुभवच बदलतो.

*फ्लोरेस (ग्वाटेमाला):* टिकालला जाताना मुक्कामाचं तळ्यातलं छोटं गाव. शेवटचं स्वतंत्र माया राज्य इथेच होतं. स्पॅनिश फौजांनी ते १६९७ साली जिंकलं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर १७ वर्षांनी.

*कोपान (होंडुरास):* इथल्या एका जिन्याच्या पायऱ्यांवर २,००० हून अधिक चित्राक्षरं कोरलेली आहेत. माया जगातला हा सर्वांत मोठा ज्ञात शिलालेख आहे.

जंगल, गुहा आणि सेनोटे

या सहलीचा निम्मा भाग निसर्गाचा असतो. युकातानची जमीन चुनखडीची आहे. पाणी मुरून खाली पोकळ्या होतात आणि छत कोसळलं की नैसर्गिक विहिरी तयार होतात. त्यांना सेनोटे म्हणतात. माया लोकांसाठी ते पिण्याचं पाणी होतं आणि पाताळाचं दारही. आज तिथे पोहता येतं, पण आधी अंघोळ करावी लागते. अनेक ठिकाणी सनस्क्रीन लावून उतरू देत नाहीत, कारण हे पाणी जमिनीखालून सर्वदूर जोडलेलं असतं.

बेलिझमधल्या आक्तुन तुनिचिल मुकनाल या गुहेत पाण्यातून पोहत, चालत शिरावं लागतं. आत बळी दिलेल्या माणसांचे सांगाडे आणि मडकी जागच्या जागी आहेत. २०१२ साली एका पर्यटकाचा कॅमेरा कवटीवर पडून तिला भोक पडलं. तेव्हापासून आत कॅमेरा आणि मोबाइल नेता येत नाही. परवानाधारक गाइडशिवाय प्रवेशही नाही.

टिकालच्या जंगलात पहाटे हाऊलर माकडांची डरकाळी ऐकू येते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा वाघ-सिंहच आहे असं वाटतं. टूकन पक्षी आणि लांब शेपटीचे कोआटी सहज दिसतात. या जंगलात अजून किती दडलंय, याचा अंदाज २०१८ साली आला. विमानातून लेझर सोडून जमिनीचा नकाशा काढणाऱ्या लायडार तंत्राने उत्तर ग्वाटेमालात ६०,००० हून अधिक बांधकामं उघड केली.

डहाणूचा चिकू मूळचा इथला

महाराष्ट्रातल्या माणसाला या जंगलात एक ओळखीचं झाड भेटतं, ते म्हणजे चिकू. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण हे झाड मूळचं याच प्रदेशातलं. टिकालच्या देवळांच्या दारांवरच्या तुळया चिकूच्या लाकडाच्या आहेत आणि त्यातल्या काही हजारभर वर्षांनंतरही टिकून राहिल्या. झाडाच्या चिकाला 'चिकले' म्हणतात. एकेकाळी च्युइंगगम त्याचंच बनायचं. जुन्या झाडांवर चीक काढण्यासाठी मारलेल्या तिरक्या खाचा आजही दिसतात. कालाकमुल हे शहर १९३१ साली बाहेरच्या जगाला कळलं, तेही चिकलेच्या कंपनीसाठी विमानातून पाहणी करणाऱ्या सायरस लंडेल या वनस्पतिशास्त्रज्ञामुळे.

पपई, मिरची आणि मका हे आपल्या रोजच्या खाण्यातले पदार्थही अमेरिका खंडातूनच आले.

कधी जावं?

नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम. त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सुखद असते, पण गर्दी आणि दर दोन्ही वाढतात. एप्रिल-मे मध्ये उकाडा असह्य होतो. जून ते नोव्हेंबर हा अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा काळ. पावसाळ्यात दर कमी असतात आणि जंगल हिरवंगार असतं, पण गुहांमध्ये पाणी वाढलं की प्रवेश ऐनवेळी बंद होतो.

व्हिसाचं काय?

भारतीयांसाठी खरी अडचण इथे येते. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल, तर मेक्सिकोसाठी पर्यटनाचा वेगळा व्हिसा लागत नाही. कॅनडा, ब्रिटन, जपान आणि शेंगेन देशांच्या वैध व्हिसावरही ही सवलत आहे. ग्वाटेमाला, बेलिझ आणि होंडुरासचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलतही असतात, त्यामुळे प्रत्येक देशाच्या दूतावासाकडून लेखी खात्री करून घ्या.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. एक, अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असलं तरी तिथला व्हिसा लागतो. दोन, सहल मेक्सिकोतून बाहेर पडून पुन्हा मेक्सिकोत येत असेल, तर दुसऱ्यांदा प्रवेश मिळेल का, हे आधी तपासा. परतीचं विमान पनामामार्गे असेल, तर भारतात येताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागेल का, तेही पाहा.

शाकाहारी माणसाचं जमतं का?

जमतं, पण विचारून. मक्याची तोर्तिया, घेवड्याची उसळ, भात, अंडी, अॅव्होकॅडो आणि फळं सगळीकडे मिळतात. अडचण असते ती उसळीत घातलेल्या डुकराच्या चरबीची. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको आणि 'सिन मान्तेका' म्हणजे ती चरबी नको, हे दोन शब्दप्रयोग पाठ करून जा. बेलिझमध्ये इंग्रजी ही अधिकृत भाषा असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

- गटात जास्तीत जास्त किती लोक असतील? 'छोटा गट' म्हणून २५ जण तर नाहीत ना?
- प्रत्येक स्थळावर सरकारी परवाना असलेला स्थानिक गाइड आहे का? त्यात माया समाजातले गाइड आहेत का?
- प्रवेश तिकिटं, सीमेवरची फी आणि टिप किमतीत धरली आहे का?
- सलग सर्वांत मोठा प्रवास किती तासांचा? पालेंके ते फ्लोरेससारख्या टप्प्यात अख्खा दिवस जातो.
- सुरक्षेमुळे मार्ग बदलला तर काय? चियापासच्या सीमाभागात टोळ्यांच्या हिंसाचारामुळे अलीकडच्या वर्षांत सहलींना फटका बसला आहे.
- गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी पायऱ्या आणि गुहेला पर्याय आहे का?
- प्रवास विम्यात गुहा, पोहणं आणि वैद्यकीय स्थलांतर येतं का?

फोटो काढताना

ग्वाटेमालातल्या बाजारात हातमागाचे रंगीत वीपील घातलेल्या बायका दिसतात. मोबाइल लगेच वर जातो, पण आधी परवानगी विचारा. या देशात १९६० ते १९९६ अशी ३६ वर्षं यादवी चालली. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाच्या अंदाजानुसार त्यात सुमारे दोन लाख लोक मारले गेले किंवा बेपत्ता झाले आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. काही गावांत तो काळ पाहिलेली माणसं आजही आहेत.

म्हणूनच सहल निवडताना एक दिवस तरी देवळांऐवजी माणसांसाठी आहे का, ते बघा. आतितलान तळ्याकाठच्या गावात विणकरांच्या सहकारी संस्थेला भेट देता येते, एखाद्या घरी जेवता येतं. त्या गावांत ऐकू येणाऱ्या काकचिकेल आणि त्सुतुहिल या माया कुळातल्याच भाषा आहेत.