कृष्णराजाचा रुपक

नाणे सदऱ्याच्या बटणाएवढे, चांदीचे, वजन सुमारे २ ग्रॅम. एका बाजूस उजवीकडे पाहणारे राजाचे मस्तक. दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी आणि त्याच्याभोवती ब्राह्मी अक्षरे. असे नाणे प्रथम पाहिले तेव्हा ते क्षत्रपांचे म्हणून आम्ही मोकळे झालो होतो. चूक अगदीच निराधार नव्हती. पश्चिम क्षत्रपांनी रूढ केलेले हे मस्तक त्रैकूटकांनी उचलले, गुप्तांनीही उचलले. बाजाराला ओळखीचे नाणे हवे असते, म्हणून नवा राजा ठशात फारसे बदल करायला धजत नाही. तेव्हा अशा नाण्याचा धनी चेहऱ्यावरून शोधू नये हे बरे.

नंदी मात्र बोलका आहे. क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर त्या जागी तीन कमानींची टेकडी असते. नंदी दिसतो तो स्कंदगुप्ताच्या काही रौप्यमुद्रांवर. म्हणजे आपण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा त्यापुढे आलो. आता अक्षरे. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे एका नाण्यावर लेख सहसा पुरा उतरत नाही. अनेक नाणी शेजारी मांडली म्हणजे तो जुळतो: ‘परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज’.

पण हा कृष्णराज कोणता? नाशिक जिल्ह्यात देवळाणे येथे ही नाणी सापडली, मुंबई-साष्टीकडेही सापडली. जुन्या अभ्यासकांनी राष्ट्रकूटांकडे बोट दाखवले. वेरूळचे कैलास ज्याच्या नावावर आहे असा कृष्णराज समोर असताना तो मोह कोणाला आवरेल? मात्र त्र्यंबकेश्वराजवळच्या अंजनेरीचा भोगशक्तीचा ताम्रपट या मोहाच्या आड येतो. त्यात ‘कृष्णराज-रुपक’ हे चलनातले नाणे म्हणून उल्लेखलेले आहे, आणि ताम्रपटाचे वर्ष आहे कलचुरी संवत ४६१, म्हणजे इ.स. ७१० च्या सुमाराचे. राष्ट्रकूट पहिला कृष्ण गादीवर आला इ.स. ७५६ च्या आसपास. जो राजा अजून झालाच नाही, त्याचे नाणे बाजारात चालणार कसे?

वा. वि. मिराशी यांनी या रुपकाचा धनी म्हणून कलचुरी कृष्णराज निश्चित केला. त्याचा पुत्र शंकरगण याचा इ.स. ५९७ चा ताम्रपट नाशिक जिल्ह्यातल्याच अभोण्याचा. त्यात पिता कृष्णराज जन्मापासूनचा पशुपतिभक्त म्हणून वर्णिला आहे. ‘परममाहेश्वर’ आणि नंदी, दोन्हींचा मेळ बसतो. अंजनेरीच्या काळी या राजाला जाऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली होती, मुलूख चालुक्यांच्या हाती गेला होता. तरी हिशेब त्याच्याच नावाच्या रुपकांत चालत होता.

ही ओळख केवळ नाणेसंग्राहकांच्या कामाची नाही. घारापुरीच्या मोठ्या लेण्यातला शिलालेख पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात मायदेशी धाडला आणि तो हरवला. लेणे कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे उघडाच राहिला. कोणी ते राष्ट्रकूटांचेही मानले. त्या बेटावर याच कृष्णराजाची म्हणून मानली गेलेली तांब्याची हलकी नाणी मिळाली आहेत. ती पाथरवटांच्या मजुरीची असावीत असा तर्क केला जातो, आणि लेणे सहाव्या शतकाच्या मध्याचे ठरवण्यात त्यांचा मोठा हात आहे.