रिद्धपूर : भिंती नसलेले विद्यापीठ

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर हे गाव आहे. मुलूख संत्र्याच्या बागांचा. २०२४ मध्ये या गावी राज्याचे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. एवढ्याशा खेड्यात विद्यापीठ कशाला, असे विचारणारे भेटतात. त्यांनी एकदा तिथे जाऊन राजमठ आणि वाजेश्वरी पाहून यावे. रिद्धपूरला मराठीचे विद्यापीठ सातशे वर्षांपूर्वीच होते. त्याला भिंती तेवढ्या नव्हत्या.

तेराव्या शतकात इथे गोविंदप्रभू राहत. लोक त्यांना गुंडम राऊळ म्हणत, कुणी वेडाही म्हणत; कारण ते कुणाच्याही घरी जात, शिवाशिव मानत नसत. त्यांच्या भेटीने चक्रधरस्वामींचे आयुष्य पालटले. परंपरेनुसार स्वामी मूळचे गुजरातेतले, भडोचचे. रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाले आणि रिद्धपूरला त्यांना गुरू भेटले. पुढे त्यांनी महाराष्ट्रभर पायी फिरून जे सांगितले, ते मराठीत सांगितले. म्हणजे मराठीच्या या थोर शिक्षकाने मराठी आपलीशी केली होती.

स्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर शिष्य रिद्धपूरला जमले. त्यांत म्हाइंभट होते. एकेकाळी विद्वत्तेचा ताठा मिरवणारे हे पंडित, स्वामींच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या त्यांना विचारत फिरले. एकाच प्रसंगाच्या दोन हकिगती मिळाल्या, तर दोन्ही नोंदवून ठेवण्याची रीत या पंथाने पाळली. अशा वेगळ्या हकिगतीला ते ‘वासना’ म्हणत. आजचा संशोधक याहून वेगळे काय करतो? सुमारे १२७८ मध्ये सिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ असे लोकांच्या तोंडून उतरले. मराठीतला हा पहिला गद्यचरित्रग्रंथ. मराठीची आद्य कवयित्री महदाइसा, तिने आपले ‘धवळे’ रचले तेही याच गावी, गोविंदप्रभूंसमोर.

पुढे केसोबासांसारख्या पंडितांना संस्कृतात लिहिण्याची ओढ होती, तेव्हा आचार्य नागदेवांनी त्यांना थांबवले. संस्कृतात लिहाल तर आपल्या साध्याभोळ्या म्हाताऱ्या वंचित राहतील, असे त्यांचे म्हणणे. ज्ञानाची भाषा ठरवताना म्हातारीचा विचार करणारे असे पीठ दुसरे कुठे असेल?

मग दिल्लीच्या सुलतानांच्या फौजा देवगिरीवर आल्या. त्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत गेली, असे परंपरा सांगते. ज्यांना ते पाठ होते त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. त्यात हिराइसा या बाईचा पाठ प्रसिद्ध आहे. पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून जपले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांतल्या सकळ लिपीची किल्ली लावली आणि बंद कोठार उघडले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. पंथाबरोबर हे मराठी ग्रंथ पंजाबपर्यंत गेले आणि तिथे वाचले गेले.

त्या फौजांचा भाग मी मुद्दाम वगळलेला नाही. मी मुसलमान, मराठीत कविता लिहितो; ‘तुम्ही मराठीत कसे?’ हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. त्याचे उत्तर याच परंपरेत सापडते. अठराव्या शतकात शहामुनी या मुसलमान घरात जन्मलेल्या कवीने ‘सिद्धांतबोध’ मराठीत लिहिला आणि त्यात महानुभाव विचारांचा ठसा आहे. राज्यकर्त्यांच्या लढाया एकीकडे चालू राहिल्या. दुसरीकडे मशिदीच्या सावलीत वाढलेली माणसेही हीच भाषा बोलत, गात राहिली. भाषा जन्माने मिळते, तशी प्रेमानेही मिळते. भडोचहून आलेल्या स्वामींना ती अशीच मिळाली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद आहेच. पण दर्जा दिल्लीहून आला तरी भाषा घरात, शेतात आणि शाळेतच जगते. रिद्धपूरच्या नव्या विद्यापीठात पदव्या मिळतील, प्रबंध होतील. तिथल्या विद्यार्थ्याने म्हाइंभटांसारखे वही घेऊन आसपासच्या गावांत जावे. संत्री तोडणाऱ्या बाईचे, मेंढपाळाचे, मोहल्ल्यातल्या आजीचे बोलणे ऐकावे आणि हकिगती दोन निघाल्या तर दोन्ही लिहून ठेवाव्यात. नागदेवांच्या म्हाताऱ्या अजून गावोगाव बसल्या आहेत. त्यांना कळेल असे लिहिले गेले, तरच ते विद्यापीठ रिद्धपूरचे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)