ब्लॅकबेरी

ब्लॅकबेरी : दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी टंकन करता येईल असा लहान कळफलक असलेल्या, मुख्यतः लिखित पत्रव्यवहारासाठी योजलेल्या आणि खिशात मावणाऱ्या बिनतारी उपकरणांची मालिका. कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांतातील वॉटर्लू येथील रिसर्च इन मोशन (संक्षेपाने रिम) या कंपनीने ती १९९९ मध्ये बाजारात आणली. आरंभी केवळ ई-मेल घेणारे व पाठविणारे हे उपकरण पुढे भ्रमणध्वनीही झाले व सु. दहा वर्षे कार्यालयीन कामासाठी वापरावयाच्या स्मार्टफोनचे ते प्रमाण रूप मानले गेले. कंपनीने २०१६ मध्ये स्वतः दूरध्वनी घडविणे थांबविले.

खिशात मावेल एवढ्या यंत्रावर मजकूर लिहावयाचा कसा, हा प्रश्न ब्लॅकबेरीच्या आधीचा आहे. दूरध्वनीच्या बारा कळांवर एकेका अक्षरासाठी तीच कळ दोन-तीनदा दाबावी लागे. चार ओळींचे पत्रही त्यामुळे कंटाळवाणे होई. इंग्लंडमधील सायन कंपनीची सीरीज ३ (१९९१) आणि फिनलंडच्या नोकियाचा ९००० कम्युनिकेटर (१९९६) ही उपकरणे पेटीसारखी उघडत व आत टंकलेखन यंत्राच्या धर्तीचा पूर्ण कळफलक असे. मात्र कम्युनिकेटरचे वजन सु. ४०० ग्रॅ. होते आणि नीट लिहिण्यासाठी अशी उपकरणे टेबलावर ठेवणेच सोयीचे पडे. दहा बोटांचा कळफलक आकुंचित करीत नेण्याचाच हा प्रयत्न होता. रिमने दहा बोटांचा विचार सोडून दिला आणि उपकरण धरलेले असताना मोकळे राहणारे दोन अंगठे तेवढे हिशेबात घेतले. पुढचा बहुतेक इतिहास या एका निर्णयातून निघाला आहे.

रिमची स्थापना माइक लाझारिडिस (१९६१– ) आणि डग्लस फ्रेगिन या मित्रांनी १९८४ मध्ये केली. लाझारिडिस यांचा जन्म इस्तंबूल येथे ग्रीक कुटुंबात झाला. लहानपणीच ते कॅनडात आले. वॉटर्लू विद्यापीठात विद्युत् अभियांत्रिकी शिकत असताना पदवी पूर्ण होण्यापूर्वीच त्यांनी अभ्यासक्रम सोडला व कंपनी काढली. पहिली काही वर्षे कंपनी मिळेल ते काम करीत होती. चित्रपटाच्या फितीच्या कडेवरील संकेतांक वाचणारे एक यंत्रही तिने तयार केले व त्याबद्दल तिला हॉलिवुडच्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. व्यवसायाची बाजू सांभाळण्यासाठी जिम बॅलसिली १९९२ मध्ये कंपनीत आले. पुढे वीस वर्षे या दोघांनी जोडीने कारभार पाहिला.

कंपनीला वळण लागले ते मोबिटेक्स या जालामुळे. स्वीडनमध्ये विकसित झालेले हे बिनतारी जाल ध्वनी वाहून नेत नसे, केवळ मजकुराची लहान लहान पुडकी नेई, आणि तीही सेकंदाला ८,००० बिट इतक्या मंद वेगाने. एवढ्या अरुंद वाटेने काय नेता येईल, याचा रिमच्या अभियंत्यांनी बारकाईने विचार केला. १९९६ मध्ये कंपनीने दुहेरी संदेश देणारा पेजर काढला. १९९८ च्या ९५० या प्रतिमानात ब्लॅकबेरीची बहुतेक लक्षणे दिसतात : इंटेलचा ३८६ जातीचा सूक्ष्मप्रक्रियक, काही ओळींचा एकरंगी पडदा, घड्याळात घालतात तसा एक साधा विद्युत् घट आणि अंगठ्यांचा कळफलक. एका घटावर हे उपकरण काही आठवडे चाले.

कळफलकाची रचना : कळांचा क्रम १८७० च्या दशकातील टंकलेखन यंत्राचाच ठेवला होता. तो क्रम अंगठ्यांसाठी योजलेला नव्हता हे खरे. पण कार्यालयात बसणाऱ्यांच्या हातांना तोच ठाऊक होता आणि नवा क्रम शिकविण्याच्या भरीस कंपनी पडली नाही, हे शहाणपणाचेच झाले. कळा लांबट, किंचित फुगीर व तिरप्या असत. ओळींना थोडी कमान दिलेली असे. त्यामुळे लहान जागेतही अंगठ्याला कळेची कड जाणवे व सवयीने पडद्याकडे न पाहताही लिहिता येई. उरलेले काम आज्ञावलीने केले. कळ दाबून धरली की मोठे अक्षर उमटे; दोन वाक्यांमध्ये दोनदा मोकळी जागा सोडली की पूर्णविराम आपोआप पडे; ई-मेलचा पत्ता लिहिताना मोकळ्या जागेच्या कळेने पत्त्यातील आवश्यक चिन्ह येई. उजव्या कडेवरील चाक अंगठ्याने फिरवून यादीतून वरखाली जाता येई.

दुसरे वैशिष्ट्य पत्र पोहोचविण्याच्या पद्धतीत होते. त्या काळी ई-मेल पाहण्यासाठी संगणक दूरध्वनीच्या तारेला जोडून पत्र ‘आणावे’ लागे. ब्लॅकबेरीच्या व्यवस्थेत ग्राहकसंस्थेच्या कार्यालयातील एक संगणक टपालपेटीवर सतत लक्ष ठेवी. पत्र येताच तो त्याचा संक्षेप करून, कूटबद्ध करून, उपकरणाकडे धाडी. लांब पत्राचा आरंभीचा भागच आधी जाई. वाचकाने मागितला तर उर्वरित भाग पाठविला जाई. वाहिनीची व विजेची काटकसर अशी दोन्हीकडून साधली होती. वापरणाऱ्याला मात्र एवढेच दिसे की, पत्र आपणहून खिशात येते.

जानेवारी १९९९ मध्ये ही सेवा ब्लॅकबेरी या नावाने सुरू झाली. नाव कॅलिफोर्नियातील एका नामकरणसंस्थेने सुचविले होते. कळांची दाटी त्या फळाच्या दाण्यांसारखी दिसते, हे त्यामागील एक कारण सांगितले जाते.

प्रसार : ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथील हल्ल्यांच्या वेळी दूरध्वनीच्या वाहिन्या तुंबल्या, पण ब्लॅकबेरीचे संदेश जात राहिले. त्यानंतर अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांना ही उपकरणे देण्यात आली. २००२ मधील ५८१० या प्रतिमानात दूरध्वनीची सोय आली. परंतु बोलण्यासाठी कानाला वेगळी तार लावावी लागे, यावरून बोलणे हे कंपनीच्या लेखी किती दुय्यम होते ते कळते. एन्‌टीपी या संस्थेने एकस्वभंगाबद्दल लावलेला दावा रिमने मार्च २००६ मध्ये ६१ कोटी २५ लाख डॉलर देऊन मिटविला. त्याच वर्षी ‘क्रॅकबेरी’ हा व्यसनसूचक शब्द एका अमेरिकी शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडला. कार्यालय सुटल्यावरही काम न सुटणे ही तक्रार या उपकरणापासून सार्वत्रिक झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

भारतात ही सेवा २००४ मध्ये आली. येथे तिचा संबंध लवकरच राष्ट्रीय सुरक्षिततेशी आला. संस्थांसाठीच्या सेवेत कूट उलगडण्याच्या किल्ल्या ग्राहकसंस्थेकडेच असत. आपल्याकडे सर्वांसाठीची एक किल्ली नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. भारत सरकारने २००८ पासून संदेश तपासता यावेत असा आग्रह धरला, आणि मुंबईवरील नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर त्याला धार आली. ऑगस्ट २०१० मध्ये सेवा बंद करण्याचा इशाराही देण्यात आला. संयुक्त अरब अमिरातीनेही त्याच सुमारास असाच पवित्रा घेतला होता. अखेर कंपनीने कायदेशीर तपासणीसाठी मुंबईत एक केंद्र उभारले. संस्थांच्या पत्रव्यवहाराचा प्रश्न मात्र त्यातून वेगळा राहिला. खाजगी पत्राच्या गुप्ततेची मर्यादा कोणी ठरवावयाची, हा वाद पुढे इतर संदेशसेवांबाबतही तसाच चालू राहिला.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या कळफलकाची आणखी एक मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे. कळांवर छापलेली अक्षरे बदलता येत नाहीत. फ्रान्स, जर्मनी यांसाठी कळांच्या वेगळ्या क्रमाची प्रतिमाने स्वतंत्रपणे तयार करावी लागत. देवनागरीतील स्वर, व्यंजने, मात्रा व जोडाक्षरे सव्वीस अक्षरांच्या त्या जागेत सहज बसणारी नव्हती. ज्यांच्या हाती ब्लॅकबेरी असे, ते कार्यालयीन पत्र इंग्रजीत लिहीत व घरचा निरोप रोमन अक्षरांतील मराठीत देत. जलद लिहिण्याचे म्हणून गाजलेले हे साधन मराठी लिहिण्यास मात्र फारसे उपयोगी पडले नाही, ही गोष्ट त्याच्या स्तुतिपाठकांनी क्वचितच नोंदविली आहे. स्पर्शपटलावर कोणत्याही लिपीचा फलक चित्ररूपाने उमटविता येऊ लागल्यावर ही अडचण दूर झाली.

ऱ्हास : ॲपल कंपनीने ९ जानेवारी २००७ रोजी आयफोन जाहीर केला. काम कोणतेही असो, प्लॅस्टिकच्या कळा दर्शनी भागाचा बराच हिस्सा अडवून बसतात, हा स्टीव्ह जॉब्झ यांचा मुख्य आक्षेप होता. रिमला तो पटला नाही आणि याला कारणही होते. विद्युत् घट दिवसभरही न पुरणारा, वाहिन्यांवर प्रचंड भार टाकणारा असा दूरध्वनी काटकसरीत वाढलेल्या अभियंत्यांना अव्यवहार्य वाटला. शिवाय विक्री घटली नाही, उलट वाढली. फेब्रुवारी २०११ मध्ये संपलेल्या वर्षी कंपनीचे उत्पन्न सु. २,००० कोटी डॉलर झाले. परंतु ज्या टंचाईसाठी ब्लॅकबेरी घडविली होती ती टंचाईच ओसरत होती. वाहिन्या रुंदावल्या, आणि लोक पत्र लिहिण्याइतकेच चित्रे, नकाशे व चलच्चित्रे पाहू लागले.

घाईने काढलेला, कळफलकाविना असलेला स्टॉर्म (२००८) हा संपूर्ण पडदाच कळेसारखा दाबला जाई असा विचित्र तडजोडीचा दूरध्वनी होता, तो फसला. ऑक्टोबर २०११ मध्ये इंग्लंडमधील केंद्रात बिघाड होऊन भारतासह अनेक देशांतील सेवा काही दिवस कोलमडली. सर्व पत्रे स्वतःच्या केंद्रांतून नेण्याची जी व्यवस्था कंपनीचे बळ होती, तीच येथे अंगाशी आली. जानेवारी २०१२ मध्ये लाझारिडिस व बॅलसिली पायउतार झाले. ३० जानेवारी २०१३ रोजी ब्लॅकबेरी १० ही नवी प्रणाली आली व कंपनीनेही ब्लॅकबेरी हेच नाव घेतले. पण तोवर आज्ञावली लिहिणारे आयफोन व अँड्रॉइडकडे वळले होते. २०१४ च्या पासपोर्ट या प्रतिमानात पडदा चौरस होता आणि कळांवरून बोट फिरवून पान सरकविता येई. कल्पकतेच्या दृष्टीने हा या मालिकेतील सर्वांत उल्लेखनीय दूरध्वनी म्हणावा लागेल. ग्राहक थोडेच मिळाले. २०१५ मध्ये कंपनीने प्रिव्ह या दूरध्वनीसाठी अँड्रॉइड स्वीकारले. डिसेंबर २०१६ मध्ये नाव वापरण्याचा परवाना चीनच्या टीसीएल कंपनीला देण्यात आला. तिने कीवन (२०१७) व की-टू (२०१८) हे कळफलकाचे दूरध्वनी काढले. हा करार ऑगस्ट २०२० मध्ये संपला. मूळ कंपनी आता सुरक्षाविषयक आज्ञावलींच्या व्यवसायात आहे. तिने २०१० मध्ये विकत घेतलेली क्यूएन्‌एक्स ही प्रणाली मोटारगाड्यांत वापरली जाते.

जुन्या प्रणालींची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली. त्या दिवसापासून अँड्रॉइडपूर्वीच्या ब्लॅकबेरी दूरध्वनींवरून साधे संभाषण होण्याचीही हमी उरली नाही. कळफलकाची हौस मात्र संपलेली नाही. चीनमधील युनिहर्ट्झ या लहान कंपनीने टायटन या नावाचे असे दूरध्वनी काढले, आणि २०२४ च्या आरंभी क्लिक्स या कंपनीने आयफोनला खालून जोडता येणारा, अंगठ्यांनी चालवावयाचा कळफलक विक्रीस आणला.